बदली मशीन

ढोबळे साहेबांनी पक्कड दाबली आणि पुढच्या माणसाच्या मशीनचा प्लग वायरीपासून तुटून फरशीवर पडला.

"आता हे चालणार नाही," ते म्हणाले. "चालवायचंही नाही. तिकडं ठेवा."

तो माणूस औशाचा होता, ग्रिल आणि शटरची कामं करणारा. त्यानं आपलं निळं मशीन उचललं, भिंतीजवळच्या ढिगात नेऊन ठेवलं आणि रिकाम्या हातांनी परत टेबलासमोर उभा राहिला.

"नवं?" त्यानं विचारलं.

"गाडी निघालीये. येईल."

"सकाळपासून येतीय, साहेब."

ढोबळेंनी रुमालानं मान पुसली. ते कंपनीचे माणूस होते, पुण्याहून आलेले. शर्टाला घामाचे पट्टे पडले होते आणि बोलून बोलून घसा बसला होता. लातूरचे डीलर कासट शेठ त्यांच्या शेजारी खुर्चीत बसले होते. हे गोदाम त्यांचंच. आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या ज्या फॅब्रिकेशनवाल्यांनी त्यांच्याकडून ते निळं वेल्डिंग मशीन घेतलं होतं, त्या सगळ्यांना त्यांनी फोन केला होता. मशीनमध्ये दोष आहे, वापरणं बंद करा, घेऊन या, बदलून देतो.

मी दाराजवळच्या एका फळीवर बसलो होतो, कुबडी पायाशी आडवी टाकून. माझा मोठा भाऊ रामकिशन, आमचा अण्णा, रांगेत उभा होता. आमचं मशीन त्यानं खांद्याला अडकवलं होतं. आम्ही दोघं निलंग्याचे पांचाळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोदामांचे पत्र्याचे शेड, गेट, जे येईल ते करायचो. मशीन माझ्या नावावर घेतलं होतं, म्हणून मला यावं लागलं. नाहीतर गेल्या उन्हाळ्यापासून मी दुकानाबाहेर फारसा पडलोच नव्हतो.

येताना टेम्पोत अण्णा एकदाच बोलला होता. "तिथं काय विचारलं तर मी बोलतो. तू गप बस, व्यंकट."

गप बसायची मला सवय झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही निलंग्याबाहेर एका सोयाबीनच्या गोदामाचं काम घेतलं होतं. मी वर छताच्या लोखंडी कैचीवर बसून आडव्या पट्ट्या जोडत होतो. हे निळं मशीन हलकं, पट्ट्यानं वर नेऊन शेजारी टांगता यायचं. त्यासाठीच तर मी ते पसंत केलं होतं. मशीन कैचीला बांधल्याचं मला आठवतं. पट्ट्याची गाठ आठवते. त्यानंतर आठवतं ते दवाखान्याचं छत.

काय झालं ते मला अण्णानं सांगितलं. तू पिऊन वर चढलास, तोल गेला, पडलास. तोंडाला वास येत होता.

मी पूर्वी प्यायचो. चांगलाच प्यायचो. मग मुक्ता झाली, माझी लेक, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मी संजीवनीला, माझ्या बायकोला, शब्द दिला. त्यानंतर थेंब घेतला नव्हता. पण पूर्वी प्यायलो की असंच व्हायचं. सगळी संध्याकाळच्या संध्याकाळ पुसून जायची, दुसऱ्या दिवशी लोक सांगायचे तेव्हा कळायचं मी काय केलं. त्यामुळं काही आठवत नाही, हाच मला पुरावा वाटला. मी दवाखान्यात असतानाच संजीवनी मुक्ताला घेऊन माहेरी गेली. मांडीत सळई घालून मी घरी आलो तेव्हा तिच्या खुंटीवरच्या साड्याही गेल्या होत्या.

त्यानंतर अण्णानं मला मशीनला हात लावू दिला नाही. स्वतः एकटाच वेल्डिंग करायचा. भर उन्हात रबरी बूट घालून, पायाखाली लाकडी फळी घेऊन. मी कडेला बसून पत्र्यावर खुणा करायचो. दारुड्याच्या हातावर भरवसा नाही म्हणून असं करत असेल, असं मी समजायचो. ते मला बरोबरच वाटायचं.

गोदामात आता बरीच गर्दी झाली होती. ज्यांनी मशीन देऊन टाकलं होतं त्यांना नवं मिळालं नव्हतं, आणि नवं नाही म्हणून ते जात नव्हते. मागचे पुढं सरकत होते. बाहेर टेम्पो एकामागं एक असे लागले होते की मधला कुणी निघू म्हटलं तरी निघता आलं नसतं.

"साहेब, तुम्ही निघून गेलात तर आम्ही कुणाला धरायचं?" उदगीरचा एक धिप्पाड माणूस म्हणाला. त्याचं मशीन मघाशीच ढिगात गेलं होतं.

"मी कुठं जातोय?"

"सांगता येत न्हाई."

तो वळला, त्यानं शटरची कडी धरली आणि शटर खाली ओढलं. पार जमिनीपर्यंत. मग त्याला पाठ लावून तो खाली बसला. "गाडी येईपर्यंत कुणी भायेर जायचं न्हाई. आम्हीपण न्हाई, साहेबपण न्हाई."

कासट शेठ उठले, काहीतरी बोलणार होते, पण सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं बघून परत बसले. वर पत्रा होता आणि उजेडाला एकच झरोका. हवा कोंडली. ढोबळेंनी पक्कड टेबलावर ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग गाडी येईपर्यंत मीही कुणाचं मशीन घेत नाही."

आम्ही रांगेत पुढंच होतो. अण्णानं मशीन खांद्यावरून उतरवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसला. पलीकडं मैनुद्दीनचाचा बसले होते. निलंग्यात त्यांचं दुकान आमच्या समोरच. वयानं वडिलांसारखे, आम्हा दोघांना वेल्डिंगचा होल्डर धरायला त्यांनीच शिकवलेलं. तेही आपलं मशीन घेऊन आले होते.

"साहेब," मैनुद्दीनचाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "बसलोच हाव तर सांगा की, ह्यात बिघडलंय तरी काय? फोनवर नुसतं बंद करा म्हनले."

ढोबळेंनाही बोलायला विषय हवा असावा. ढिगातलं एक मशीन त्यांनी टेबलावर घेतलं आणि वरचं झाकण उघडलं.

"हा आतला ट्रान्सफॉर्मर. याच्या दोन गुंडाळ्यांच्या मधे कागदासारखं इन्सुलेशन असतं. एका लॉटमध्ये ते हलकं लागलं. तापून तापून जळतं. ते जळालं की बोर्डातला करंट सरळ तुमच्या हातातल्या होल्डरला येतो, आणि बाहेरच्या पत्र्यालाही."

"मग माणूस जाईल की."

"सुरुवातीला नुसत्या झिणझिण्या येतात. कोरडे हात असले, पायात बूट असले तर तेवढ्यावर भागतं. पण घाम आलेला असला, माणूस लोखंडावर बसलेला असला, तर एखाद्या वेळेस फेकला जातो."

"फेकला जातो म्हणजे?" औशाच्या माणसानं विचारलं.

"म्हणजे उडतो. त्याला कळतही नाही काय झालं. शुद्धीवर आल्यावर कधी कधी मागचं काही आठवत नाही."

मी ऐकत होतो. ते शब्द दुसऱ्या कुणाबद्दल असावेत तसे येत होते.

"आठवत न्हाई?" मी विचारलं. सकाळपासून मी पहिल्यांदाच बोललो होतो.

ढोबळेंनी माझ्याकडं पाहिलं, मग पायाशी पडलेल्या कुबडीकडं. मशीनचं झाकण परत बसवत ते म्हणाले, "सगळ्यांचं तसं होत नाही."

अण्णा पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची धूळ सरकवत होता.

"रामकिशन," मैनुद्दीनचाचा म्हणाले, "तुझ्या मशीनला तर लई आधीपासून झिणझिण्या येत व्हत्या की. मी तुला अर्थिंग बघ म्हनलो व्हतो."

"ते नंतर," अण्णा म्हणाला.

"नंतर कसं? गोदामाच्या कामाला जायच्या आदी. व्यंकट तिथंच बसून पत्रा कापत व्हता, तू त्याला ऐकू जाऊ नये म्हनून रस्ता ओलांडून माझ्याकडं आलतास. नंतर तर हा दवाखान्यात..."

आणि ते थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अण्णाकडं पाहिलं. हातातली टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मग उठून गर्दीत पलीकडं गेले आणि उगाचच कुणाशी तरी बोलू लागले.

आम्ही दोघं तिथंच राहिलो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत रचलेली वेल्डिंग रॉडची खोकी. कुबडी उचलून मला तिथून उठता आलं असतं, पण जायला जागा नव्हती. शटरला तो उदगीरचा माणूस टेकून बसला होता.

"अण्णा," मी म्हणालो.

"घरी गेल्यावर बोलू."

"माझ्या तोंडाला वास येत व्हता?"

त्यानं खोक्यांकडं मान वळवली.

"तूच म्हनलास, वास येत व्हता. येत व्हता का?"

"व्यंकट, लोकं हायेत."

"मी हळूच बोलायलो. येत व्हता का?"

"न्हाई," तो म्हणाला.

मला काहीच वाटलं नाही. राग येईल असं वाटलं होतं, तोही आला नाही. कानात नुसता आवाज भरला होता, ग्राइंडर बंद केल्यावर काही वेळ भरून राहतो तसा.

"तुला ठावं व्हतं मशीन मारतंय."

"थोडं थोडं. कधी यायचं, कधी न्हाई. मला वाटलं वायर ओली असंल. त्या दिवशी सकाळी तुला सांगणार व्हतो. तू वर चढला व्हतास. म्हनलं, जेवायला उतरला की सांगू."

"मग?"

"मग काय. तू पडलास." त्यानं तळहात चोळले. "गोदामाचा मालक पळत आला. बाकीचे आले. कसं झालं, कसं झालं. मशीन खराब हाय म्हनलो असतो तर लगेच म्हनले असते, मग त्याला वर का धाडलास. पोलीस आले असते. मला काय सुचंना. तोंडातनं निघालं, पिऊन चढला व्हता. आन सगळे गपच झाले. तू प्यायचास हे सगळ्यांना ठावं व्हतं. लगेच पटलं. मशीनकडं कुणी बघितलंच न्हाई."

"आन संजी गेली तवा?"

"रोज सांगणार व्हतो."

"रोज?"

"रोज. सकाळी उठलो की म्हनायचं, आज सांगायचं. एकदा बोललेलं परत घ्यायचं म्हंजे..." तो थांबला. "मग तूच खाली मान घालून बसाय लागलास. मला वाटलं, तुलाच पटलंय."

मला पटलंच होतं. वर्षभर मी झोपेतून उठलो की पहिल्यांदा शोधायचो की त्या सकाळी मी बाटली कुठून आणली असेल. नेहमीच्या दुकानात तर गेलो नव्हतो. मग कुणी दिली असेल? रस्त्यानं जाताना ओळखीच्या लोकांच्या तोंडाकडं बघायचो. कधी कधी तर मला चवसुद्धा आठवायची. घशाला लागलेली, खरीखुरी. नसलेली गोष्ट मला आठवू लागली होती.

मी भिंतीला डोकं टेकवलं. त्या कोंडलेल्या गोदामात घामाचा आणि ग्रीसचा वास साचला होता. अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तो उठून दुसरीकडं गेला असता तर बरं झालं असतं. तो बसून राहिला.

गाडी आली ती हॉर्नवरूनच कळलं. शटर वर गेलं, उजेड आणि गरम वारा एकदम आत आला, आणि मघाशी चिडलेली माणसं हमालांसारखी खोकी उतरवू लागली. नवी मशीनं नारिंगी होती. ढोबळेंनी पुन्हा पक्कड हातात घेतली. आता रांग भराभर पुढं सरकू लागली. प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत. "या मशीनवर कुणाला शॉक, अपघात, काही झालंय?" आणि प्रत्येक जण म्हणे, नाही. मग प्लग तुटायचा आणि नारिंगी खोकं पुढं सरकायचं.

औशाचा माणूस पुन्हा पुढं आला होता. तो म्हणाला, "आमच्या कामगाराला एकदा जरा..." कासट शेठ खाकरले. तो म्हणाला, "नाही, तसं काही नाही." त्याचं खोकं त्याला मिळालं.

आमची पाळी आली. अण्णानं मशीन टेबलावर ठेवलं. मी कुबडीवर त्याच्या मागं उभा होतो.

"शॉक, अपघात, काही?" ढोबळेंनी विचारलं.

"काई न्हाई," अण्णा म्हणाला.

मला अजूनही वाटतं, ते त्याच्या तोंडून सवयीनं गेलं. त्यानं ते ठरवून म्हटलं नसावं. पण म्हटलं.

ढोबळेंनी वायर पकडीत धरली.

"साहेब," मी म्हणालो, "मशीन माझ्या नावावर हाय. मला विचारा."

ते थांबले. अण्णा वळला नाही. माझ्यासमोर त्याची पाठ होती आणि मानेवर घामानं चिकटलेली कॉलर.

"मला बसलाय," मी म्हणालो. "वरनं पडलो. हा पाय त्याचाच."

ढोबळेंनी पक्कड खाली ठेवली आणि पुढं वाकले. आवाज इतका खाली आणला की मला आणि अण्णालाच ऐकू यावा.

"हे बघा, तुम्ही हो म्हणालात तर मला हे मशीन सील करून कारखान्यात पाठवावं लागतं. तिथं तपासणी होणार. ती होईपर्यंत बदली मशीन देता येत नाही, तसा नियम आहे. कधी होईल ते माझ्या हातात नाही. आणि झालं नाही म्हणालात, तर हे नवं आत्ता घेऊन जा." त्यांनी नारिंगी खोक्यावर हात ठेवला. "विचार करा. मी परत विचारतो."

"व्यंकट," कासट शेठ म्हणाले, "पाय काय परत येणार आहे का? भावाचा धंदा बघ. दुसरं मशीन आहे का तुमच्याकडं?"

नव्हतं. दुकानात दोन ट्रॉल्या अर्धवट सांगाडे होऊन पडल्या होत्या आणि त्यांचे मालक रोज चक्कर मारून जात. तिसऱ्या कामाचं सामान रस्त्यावर येऊन पडलं होतं. दुकान बंद पडलं तर अण्णाचं घर बंद, आणि मी त्याच घरात जेवत होतो. वहिनी कधी काही बोलली नव्हती, पण ताट वाढताना माझ्याकडं बघायची नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "चला पुढं, एवढं काय त्यात." आणि खरंच, एवढं काय त्यात. सगळे नाही म्हणून जात होते. मीही नाही म्हटलं असतं तर ते खोटं कुणाला टोचलं नसतं. मी तर तसाही वर्षभर त्याहून मोठं खोटं खरं धरून जगलो होतो.

खोक्याच्या पट्टीवर अण्णाचाही हात होता. मी त्या हाताकडं बघत राहिलो. त्यानं तो काढून घेतला.

"बोला," ढोबळे म्हणाले. "अपघात झालाय का?"

"झालाय," मी म्हणालो. "आन त्या दिवशी मी प्यायलेलो नव्हतो. तेपण लिहा."

ढोबळेंनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण वाईट नव्हता. "ते मी विचारलेलं नाही. त्याला यात जागाच नाही."

"मग कुठं लिहायचं?"

ते टेबलाखाली चिकटपट्टी शोधू लागले.

"प्यायला नव्हता तो." अण्णाचा आवाज इतका हळू होता की आधी मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. तो टेबलावरच्या मशीनकडं बघत होता. "मी तिथं व्हतो. मला ठावं हाय. मीच खोटं सांगितलं व्हतं."

रांगेतले आमच्या गावाकडचे दोघं-तिघं एकमेकांकडं बघू लागले. मैनुद्दीनचाचा दाराशी उभे होते, त्यांनी आपलं नारिंगी खोकं खाली ठेवलं. ढोबळेंनी आमच्या मशीनला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली, चारही बाजूंनी, नीट, आणि ते ढिगात न टाकता आपल्या खुर्चीमागं ठेवलं.

आम्ही रिकाम्या टेम्पोत बसलो.

निलंग्याच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथून आत संजीवनीचं माहेर. अण्णानं काही न विचारता टेम्पो आत वळवला.

"कशाला?" मी म्हणालो.

"तू बस. मी जातो."

"ती काय ऐकायची न्हाई."

"तू बस म्हनलं ना."

सासऱ्यांच्या घरासमोर त्यानं टेम्पो उभा केला आणि उतरून आत गेला. शेजारी पिठाची गिरणी चालू होती. समोरच्या काचेतून मला अंगण दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. सासरे बाहेर आले. कुणीतरी अण्णाला खुर्ची दिली, तो बसला नाही. उभ्यानंच बोलत राहिला. मधे संजीवनी दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. अण्णा तिच्याकडं वळून बोलला. ती हलली नाही. सासऱ्यांनी हात वर करून काहीतरी जोरात म्हटलं, अण्णानं मान खाली घातली. मला उतरून जावंसं वाटत होतं, पण माझ्या बाजूचं दार बाहेरून उघडायचं, आतली कडी कधीचीच तुटली होती. मी त्या केबिनमध्ये बसून राहिलो. माझ्या आयुष्याचं बोलणं चाललं होतं आणि मला फक्त ओठ हललेले दिसत होते.

अण्णा बाहेर आला. टेम्पोपाशी न थांबता तो सरळ रस्त्यानं फाट्याकडं चालत गेला. चावी टेम्पोतच होती. मला तो पाय घेऊन टेम्पो चालवता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

थोड्या वेळानं संजीवनी आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. वर्षभरात ती वाळली होती.

"खरंच आठवत नव्हतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"न्हाई. अजूनपण न्हाई."

"मग?"

"सगळे म्हनत व्हते."

"मी म्हनले नव्हते." तिचा आवाज चढला नाही. "दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून मी तुम्हाला विचारलं व्हतं. आठवतं का? भावजी सांगायलेत ते राहू द्या, तुम्ही सांगा, म्हनलं. तुम्ही न्हाई म्हनला असता तर मी तुमचं धरून चालले असते. सगळ्यांच्या इरोधात. तुम्ही हो म्हनलात."

ते मला आठवत होतं. छताखाली तिचा चेहरा, आणि माझ्या तोंडून निघालेलं हो. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं, कारण त्यानंतर कुणी काही विचारणार नव्हतं.

"मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला व्हता तुम्ही," ती म्हणाली. "आन न केलेल्या गोष्टीला हो म्हनलात."

गिरणी बंद झाली. एकदम शांत झालं. तिनं बाहेरून दार उघडलं.

"उतरा. आईनं भात टाकलाय."

त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली नाही. सासऱ्यांनीच ओळखीच्या एकाला टेम्पो चालवायला बोलावलं आणि मी एकटाच घरी आलो. ती आली दिवाळीनंतर, मुक्ताची शाळेची सहामाही झाल्यावर. तोवर आमचं दुकान जेमतेम चाललं. मैनुद्दीनचाचा दुपारी जेवून पडायचे, तेवढ्या वेळात त्यांचं नारिंगी मशीन आम्हाला द्यायचे. एका ट्रॉलीचा मालक कंटाळून आपला सांगाडा दुसरीकडं घेऊन गेला. आमचं बदली मशीन हिवाळ्यात कधीतरी कुरियरनं आलं. दोष मशीनमध्येच होता, असं कंपनीनं कासट शेठना कळवलं, शेठनी अण्णाला सांगितलं, अण्णानं मला सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

पुढं अण्णानं आणि मी बरीच वर्षं एकत्र काम केलं. त्या सोयाबीनच्या गोदामाचं नाव आमच्यात निघालं नाही. पण गावात कुणी माझ्या जुन्या पिण्याचा विषय काढला की तो हातातलं काम ठेवून त्या माणसाच्या समोर जाऊन उभा राहायचा आणि सांगायचा, त्या दिवशी तो प्यायला नव्हता. न विचारता सांगायचा. लोकांना ते विचित्र वाटायचं. त्याला दम लागायचा आजार झाला तेव्हा दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्यानं सांगितलं.

संजीवनीनं मला माफ केलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. ती घरात आहे. कधी कधी ती काहीतरी साधंच विचारते. गॅस बंद केला होता का, त्या माणसाला काय सांगितलंत. मला आठवत नसलं तर मी आठवत नाही असंच सांगतो. ती माझ्याकडं जरा वेळ बघते आणि कामाला लागते.